बेटावर भरलेली ओटी

धनलक्ष्मी वन्संनी टीव्हीवर फोटो लावले आणि माझं डोकं तापलं.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. आम्ही दोघी जहाजानं पॅसिफिक महासागर हिंडून सोलापूरला परतलो, त्याचं कौतुक करून घ्यायला त्यांनी गल्लीतल्या बायकांना बोलावलं होतं. जहाज खोल पाण्यात थांबायचं आणि लहान होड्या आम्हाला बेटांवरच्या गावांत सोडायच्या. तिथं वन्सं न विचारता लोकांच्या घरात घुसायच्या, चुलीचे फोटो काढायच्या. त्यांच्या घरात कुणी असं घुसलं असतं, तर चपलेनं हाणलं असतं!

शेवटच्या गावाचा फोटो आला. एक म्हातारी नारळ घेऊन माझ्यासमोर उभी होती. पाहुण्याच्या हातात नारळ द्यायची तिकडची रीत. पण माझा पदर आपोआप पुढं झाला. नवरा गेल्यापासून तो कुणापुढं पसरला नव्हता, कारण कुणी भरतच नव्हतं. म्हातारी आधी गोंधळली, मग हसली. नारळ पदरात घातला, वर आपल्या केसातलं फूल ठेवलं. मी तिथंच रडले.

परतताना वन्संनी तो नारळ माझ्या पदरातून उचलून समुद्रात फेकला. मी ओरडले, पण होडीच्या इंजिनापुढं कुणाला ऐकू जाणार!

"अय्यो, बघा की!" वन्सं आता टीव्हीकडं बोट दाखवत होत्या. "त्या अडाणी बाईला काय ठाऊक? विधवेची ओटी भरायलीय!"

बायका खो खो हसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

निघायच्या वेळी वन्सं ताटात खण, नारळ, तांदूळ घेऊन एकेकीची ओटी भरू लागल्या. मला ओलांडून पुढच्या बाईकडं वळल्या, तशी मी आडवी आले आणि पदर पसरला.

"दाक्षायणी, चेष्टा नको करू."

"चेष्टा तुमी केली. भरा की, वन्सं."

"लोक काय म्हणतील?"

"त्या म्हातारीला माझा नवरा ठाऊक नव्हता, तरी तिनं भरली. तुमचा तर तो सख्खा भाऊ व्हता. त्याच्या बायकोचा पदर रिकामा ठेवून तुमाला काय मिळतंय?"

नारळ वन्संच्या हातातच राहिला. दारात चपला घालणाऱ्या बायका थांबल्या. मी पदर आवरला नाही. आज तो भरल्याशिवाय मी हलणार नव्हते.