इंजिनाला कुलर

"पत्रा घट्ट धर, हालवू नोको," हे शिवमला म्हणाले, आणि मी चहाचे कप घेऊन दाराशीच थबकले. बाप आपणहून लेकाशी बोलतोय, हे कित्येक वर्षांनी माझ्या कानावर पडत होतं. मध्ये जाऊन उगाच नजर लागायची, म्हणून मी तशीच उभी राहिले. चहा गार झाला. होऊ दे म्हटलं, पुन्हा करता येतो.

आमचं दुकान अकोल्यात, जठारपेठेच्या मागच्या अंगाला. दुकान पुढे, घर मागे. पत्र्याचे कुलर बनवायचे, उन्हाळा लागला की जुन्या कुलरांच्या ताट्या बदलायच्या, म्हणजे जाळीत ते लाकडाचं गवत नवं भरून द्यायचं. यांचा जन्म त्यातच गेला आणि लग्न झाल्यापासून माझाही. नत्थुजीचा कुलर म्हटलं की पूर्वी लोक डोळे मिटून घ्यायचे. आता डोळे उघडे ठेवून एसी घेतात. शिवमने हे आधीच ओळखलं होतं. एकदा जेवताना तो म्हणाला, बाबा, हा धंदा मेला, दुकान विकून टाका. झालं. हे ताटावरून उठले ते उठलेच. पोरगं अमरावतीला एका गॅरेजात कामाला लागलं. सणासुदीला यायचं, माझ्याशी बोलायचं, यांच्या समोरून मान खाली घालून जायचं. दोघंही अस्से हट्टी! मी मधल्या मध्ये इकडचं तिकडे पोचवणारी टपालवाली.

आणि आता तो आला होता कामासाठी, बापाकडे. कारण होतं ती गाडी.

गाडी म्हणजे अमरावतीच्याच एका डॉक्टरांच्या अंगणात वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी जर्मन गाडी. चाकांखाली कुंद्याचं गवत माजलं होतं. डॉक्टरांना ती नकोशी झाली होती, शिवमला हवीशी झाली. दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी तो तिच्याखाली आडवा असायचा. तिच्यात सुपरचार्जर होता. ते काय असतं, हे त्याने मला भाकरी थापताना समजावून सांगितलं. साधं इंजिन आपलं आपण हवा ओढतं. या गाडीत मात्र इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारं एक यंत्र असतं, ते हवा दाबून दाबून इंजिनात कोंबतं, म्हणून गाडीला जोर येतो. मी म्हटलं, म्हणजे लहान पोराला मांडीवर दाबून भरवतात तसं. तो हसला. हो आई, तसंच, म्हणाला.

पण आमच्याकडचा मे महिना! बॉनेटखालची हवा तापून भट्टी होते आणि त्या यंत्राला तीच हवा मिळते. मग सगळा जोर गळून जातो. म्हणून गाडीच्या तोंडाशी, बाहेरून ताजी हवा घेणारा एक डबा आणि रुंद नळी बसवायला हवी होती. त्या गाडीची तयार नळी आता कुठे मिळत नाही. घरीच बनवायची, तीही ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, कुठे फट न ठेवता. पत्र्याचं असं काम बाबाच करू शकतात, असं तो मला फोनवर म्हणाला. मी ते त्याच मिनिटाला जागच्या जागी पोचवलं.

त्याला घाई होती, त्यालाही कारण होतं. नाशिकचे एक साहेब होते, शर्यतीच्या गाड्या बांधणारे. ते रविवारी तिवस्याच्या अलीकडे येणार होते. तिथल्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात लांबलचक सरळ रस्ता आहे. आसपासची गाड्यांच्या नादी लागलेली पोरं तिथे आपापल्या गाड्या पळवून दाखवणार आणि ज्याचं काम पसंत पडेल त्याला साहेब आपल्या कारखान्यात घेणार. शिवम तिशी ओलांडलेला. उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांचं ऑइल बदलण्यात गेलेली. दोन ठिकाणी लग्नाचं बोलणं गॅरेजचं नाव काढताच मोडलेलं. त्याला सुटकेची ही एकच वाट दिसत होती.

चार दिवस दोघं दुकानात बसले, गाडी दारात उभी. शिवमने आधी पुठ्ठा कापून आकार आणला होता. पहिला डबा बॉनेटला घासला. दुसऱ्याचं झाकण नीट बसेना. हे चिडले नाहीत! कुलरच्या गिऱ्हाइकावर खेकसणारा माणूस, पण लेकासाठी तिसऱ्यांदा पत्रा कापताना गुणगुणत होता. तिसरा डबा बसला. मग इंजिन चालू ठेवून यांनी पेटलेली उदबत्ती प्रत्येक जोडावरून फिरवली, धूर कुठे आत ओढला जातो का ते पाहायला. कुठेच ओढला गेला नाही. शिवम एकटक बापाच्या हातांकडे बघत होता. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

त्या वेळी शिवम म्हणाला, "बाबा, जेवढी थंडी हवा तेवढी ताकद. सारा खेळ थंड्या हवेचा हाये."

हे पक्कड पुसत राहिले. पण मी यांना ओळखते. काहीतरी डोक्यात शिरलं की यांच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. त्या झाल्या होत्या.

रविवारी आम्ही तिघं त्याच गाडीतून निघालो. मी मागे डबा, पाण्याचा कॅन आणि यांची एक कापडी पिशवी सांभाळत बसले होते. शिवम गाडी जपून चालवत होता, सारखा काट्याकडे बघत होता, आणि मधूनच बापाला सांगत होता, बाबा, पाहा, कशी उचलून राहिली. हे मान डोलवत होते. त्या रस्त्यावर आमच्याइतकं सुखी कोणी नव्हतं.

जिनिंगच्या आवारात पोचलो तेव्हाच अंगाची लाही होत होती. पाच-सहा गाड्या, त्यांची पोरं, मोबाइल काढून उभे असलेले बघे. शिवम साहेबांना भेटायला गेला. आम्ही गाडीपाशी लिंबाखाली उभे राहिलो. हे इकडेतिकडे बघून पुढे गेले, बॉनेट उघडलं, आणि पिशवीतून एक ताटी काढली. इवलीशी, डब्याच्या मापाची. जाळीत गवत भरून, तारेने कडा शिवलेली. कुलरची ताटी असते तशीच, फक्त वहीएवढी.

"हे काय करून राहिले?" मी विचारलं.

"कुलर लावून राहिलो. थंडी हवा पायजे म्हने ना त्याले?"

डब्यात मध्ये कागदी फिल्टर होता. यांनी ताटी त्याच्या आतल्या बाजूला, इंजिनच्या अंगाला बसवली. का, तेही सांगितलं. बाहेरून लावली तर ओल्या गवतावर धूळ बसते आणि ताटीची भिंत होते, मग हवाच जात नाही. आधी धूळ गाळायची, मग हवा गार करायची. हे तर मलाही पटलं. वऱ्हाडात कुणालाही विचारा, उन्हाळ्यात धुळीने लिंपलेली ताटी किती वेळा झटकावी लागते ते. मग यांनी कॅनमधलं पाणी ओंजळीने त्यावर शिंपडलं आणि झाकण लावलं. शिवमला सांगा, मी म्हटलं. हे म्हणाले, "आता नोको. गाडी पळू दे, मंग सांगतो." आणि हसले. लग्नात हसले होते, त्यानंतर असं आत्ताच.

शिवम आला. डोळ्यांनीच आम्हाला नमस्कार केला आणि गाडीत बसला.

गाडी सुटली. काय सुटली! दुसऱ्या पोरांच्या गाड्या तिच्यापुढे खटारा वाटल्या. यंत्राची बारीक शिटी ऐकू येत होती, ती चढत चढत गेली. साहेब दोन पावलं पुढे आले. यांनी माझा दंड धरला. आणि तेवढ्यात शिटीची किंकाळी झाली. कोणीतरी पत्र्याच्या डब्यात खिळे टाकून घुसळावेत तसा आवाज आला, मग एक दणका, मग काळा धूर. गाडी घसरत जाऊन थांबली.

सगळे धावले. आम्हीही. शिवमने बॉनेट उघडलं, नळी सोडवली आणि आत बोटं घातली. बोटांना ओलं गवत लागलं. मग जाळीची पिळवटलेली तार. यंत्राने एवढ्या जोरात हवा ओढली होती की ताटी फाटून जाळीसकट आत गेली होती. तारेने यंत्र चिरलं, उरलेलं इंजिनात गेलं. दोन वर्षांची मेहनत त्या मूठभर गवतात गेली होती.

शिवमने ते गवत पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा चालायला लागला तेव्हा तो त्याच गवताच्या ढिगात पडला होता, त्याला ते ओळखायला वेळ लागला नाही. त्याने मान वर करून एकदा बापाकडे बघितलं.

साहेब वाकून बघत होते. "हे काय आहे? गवत? इंजिनात?"

त्यांनी शिवमकडे वळून पाहिलं.

"हे तुम्ही घातलंत?"

"हो सर," शिवम म्हणाला. "मीच."

साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी नुसती मान हलवली. पोरांमध्ये खसखस पिकली. एकाने मोबाइल गवतावर धरला, मग शिवमच्या तोंडावर. तेव्हा हे गर्दीतून पुढे घुसले.

"साहेब, म्या टाकलं ते. त्याले मालूम नोतं. म्या बिनविचारता टाकलं."

"बाबा, चूप राहा ना," शिवम म्हणाला, हळूच.

साहेबांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला. चांगला माणूस होता हो, वाईट म्हणवत नाही. म्हणाले, "राहू द्या काका. मुलासाठी वडील एवढं म्हणतातच." आणि पुढच्या गाडीकडे गेले.

गाडी टेम्पोत घालून आणली. शिवम मागे तिच्याजवळ उन्हात बसून आला, पुढे ये म्हटलं तर आला नाही. घरी पोचल्यावर मी त्याला परसात गाठलं. खोटं कशाला बोललास, म्हणून विचारलं. मला राग आला होता, बापाचा, लेकाचा, त्या सगळ्या दिवसाचा.

तो तोंडावर पाणी मारत होता. म्हणाला, "मंग काय सांगू आई? माह्या बापानं टाकलं म्हनू? इतक्या लोकायमंदी?"

मी त्याला टॉवेल दिला.

तो व्हिडिओ आठवड्याभरात सगळीकडे फिरला. इंजिनात कुलर लावणारा अकोल्याचा मिस्त्री. आमच्या नात्यातल्या लोकांनीच तो मला पाठवला, वर हसणारी तोंडं लावून. मेल्यांनो, तुमच्या घरातले कुलर कोणी बनवले? गॅरेजच्या मालकानेही महिनाभर थट्टा सोसली, मग शिवमला म्हणाला, गिऱ्हाइकं तुझ्या हाती गाडी द्यायला नाही म्हणतात, काही दिवस घरी राहा. ते काही दिवस संपलेच नाहीत. आता तो अमरावतीलाच पाण्याचे कॅन पोचवणारी गाडी चालवतो. यांच्याशी बोलतो. हो, नाही, बरं, एवढं बोलतो. रागाने नाही. राग असता तर कधीतरी उतरला असता.

आणि यांनी नवाच उद्योग धरला आहे. जो भेटेल त्याला सांगतात. चौकात, देवळात, किराणा दुकानात. ते गवत म्या टाकलं, पोराला काही माहीत नव्हतं. गॅरेजच्या मालकाकडे अमरावतीला जाऊन आले. त्याने चहा पाजला आणि बसस्टँडवर आणून सोडलं. शिवमच्या मोबाइलमधून चोरून नाशिकच्या साहेबांचा नंबर घेतला आणि फोन लावला. मी शेजारी बसले होते. साहेब अदबीने म्हणाले, काका, तुमचं मन मला कळतं, पण तुम्ही त्याला पाठीशी घालू नका, त्याने त्याचं नुकसानच होईल. साहेबांनी फोन ठेवल्यावरही हे तो कानालाच धरून बसले होते. म्हणाले, "विमल, खरं सांगाले काय लागते वो?"

चाळीस वर्षांच्या संसारात यांनी मला नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. मी यांच्या हातातला फोन काढून खाली ठेवला.

परवा भर दुपारी एक माणूस कुलरच्या ताट्या बदलायला आला. अनोळखी होता, बार्शीटाकळीकडचा. मला बरं वाटलं, म्हटलं याला तरी काही माहीत नसेल. हे जाळीत गवत भरायला बसले आणि भरता भरता सांगू लागले. सुपरचार्जर काय असतं, डबा कसा केला, उदबत्ती कशी फिरवली, ताटी कोणी लावली. सगळं, काही न लपवता. माणूस भला होता. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तो व्हिडिओ पाह्यला ना म्या," तो म्हणाला. "बराबर हाये काका तुमचं. पोराचं बापानं नाई झाकावं तं कोनं झाकावं?"

यांचे हात थांबले. "झाकून नाई राहिलो भाऊ. खरं सांगून राहिलो."

"हो, हो," तो माणूस म्हणाला, आणि ताट्या संध्याकाळपर्यंत होतील ना, म्हणून विचारू लागला.

हे होतील म्हणाले. मग गवताची मूठ उचलली, ती मोकळी करून जाळीत पसरली, आणि त्या माणसाला म्हणाले, बसा थोडं. तो बसला. यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.