तळासरीचं मशीन

श्रुतिकाला शिक्षिकेची नेमणूक मिळाली ती नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्याही आत, सातपुड्यातल्या एका पाड्यावर. तेव्हा अनिकेतशी तिचं लग्न ठरलेलं होतं आणि दोन-तीन वर्षांत पालघरला बदली होईल, असं दोघांनीही धरून चाललं होतं. बदली काही झाली नाही. लग्न झालं, मुक्ता जन्मली, रांगली, बोलायला लागली. दर वर्षी श्रुतिका बदलीचा अर्ज भरायची, आणि यंदाही नाव आलं नाही हे फोनवर सांगताना आवाज होईल तितका साधा ठेवायची. मुक्ता तिच्याजवळ वाढत होती. अनिकेत डहाणूत अण्णांबरोबर राहत होता. अण्णा म्हणजे त्याचे वडील, रेल्वेतून निवृत्त झालेले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

अनिकेतची नोकरी तळासरीला, चिमणभाई या गुजराती शेठकडे. बोर्डी-घोलवडच्या वाड्यांमधून चिकू उचलायचा, पेट्या भरायच्या आणि आपल्या ट्रकांतून जयपूर-दिल्लीपर्यंत पोचवायच्या, हा चिमणभाईंचा धंदा. चिकू कुणासाठी थांबत नाही. गाडी एक दिवस अडकली की माल मऊ पडतो. म्हणून कुठली गाडी कुठे आहे, कुणाच्या किती पेट्या तिच्यात आहेत, पुढच्या व्यापाऱ्याला कधी मिळतील, हे सगळं सांगणारी यंत्रणा अनिकेतने बनवली होती. ती चालायची ऑफिसच्या कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमधल्या एका कॉम्प्युटरवर. अनिकेत त्याला सर्व्हर म्हणायचा. बाकी सगळे म्हणायचे, मशीन.

मशीन बसवलं तेव्हा चिमणभाईंनी विचारलं होतं, "हे लिनक्स-लिनक्स करतो तू, ते कोणच्या कंपनीचं?"

"कुणा एकाचं नाही, शेठ. जगभरची माणसं मिळून बनवतात. आतलं सगळं उघडं असतं. कुणीही बघावं, वापरावं, सुधारावं. मोठमोठ्या कंपन्या यावरच चालतात."

"म्हणजे मालकच नाही? मग उद्या बिघडलं तर मी कॉलर कोणाचा पकडू?"

"माझा," अनिकेत हसून म्हणाला होता.

तो नुसता विनोद राहिला नाही. केबिनमधला एसी बंद पडला, लाइट गेली, उंदरांनी वायर कुरतडली, की चिमणभाईंचा फोन अनिकेतलाच. रविवारीही डहाणूहून आशागड, चारोटी करत तो मोटरसायकलवरून तळासरी गाठायचा. धडगावला जायचं तर डहाणू रोडहून सुरत, सुरतेहून दुसऱ्या गाडीने नंदुरबार, तिथून एसटी, शेवटी जीप. इतक्या लांब जाऊन लगेच परत फिरावं लागेल या धास्तीने त्याचं जाणं कमीच व्हायचं.

भेटायचे ते फोनवर. पाड्यावर रेंज नव्हती. शाळेमागच्या टेकाडावर एका मोठ्या दगडापाशी यायची, तीही लहर आली तर. शाळा सुटली की श्रुतिका मुक्ताला घेऊन टेकाड चढायची. अनिकेत तेव्हा ऑफिसबाहेर, हायवेकडे पाठ करून उभा राहायचा. व्हिडिओ लागला तर मुक्ताचा चेहरा यायचा आणि मध्येच थिजायचा. तोंड अर्धवट उघडं, एक हात वर. पुढे काय सांगणार होती ते राहून जायचं. कॉल तुटेपर्यंत तो त्या थिजलेल्या चेहऱ्याकडे बघत राहायचा.

"काल हिने काय विचारलं माहितीय?" श्रुतिका एकदा म्हणाली. "फोनची बॅटरी संपली, तर म्हणे पप्पा झोपले का."

अनिकेत हसला. पण चारोटीला चहा घ्यायला थांबला तेव्हा चहा हातातच गार झाला.

यंदाच्या जानेवारीत त्याने ठरवलं की जायचंच. सव्वीस तारखेला शाळेत मुक्ता पहिल्यांदा सगळ्यांसमोर उभी राहून गाणं म्हणणार होती. चिमणभाईंची परवानगी घेतली, मशीन सुनिताच्या हवाली केलं. सुनिता तळासरीजवळच्याच एका पाड्यावरची, ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची आणि अनिकेतच्या हाताखाली बरंच शिकली होती.

तो पंचवीस तारखेला दुपारी पोचला. मुक्ता आईच्या साडीआडून त्याला बघत राहिली. मागची भेट तिच्या लक्षात नव्हती; फोनमध्ये मावणारा माणूस एवढा मोठा असतो, हे तिला पटेना. श्रुतिका म्हणाली, "थांब जरा, होईल सवय." मग मुक्ताने हळूच येऊन त्याच्या मनगटावरच्या घड्याळाला बोट लावलं आणि पळून गेली. थोड्या वेळाने पुन्हा आली, आणि या वेळी पळाली नाही.

संध्याकाळी तिघंही टेकाडावर गेली. पोचल्याचं अण्णांना कळवायचं होतं. दगडापाशी रेंज येताच फोन वाजला.

"सर, मशीन बंद पडलं," सुनिता म्हणाली. "दुपारपासून लाइट जा-ये करत होती. आता बटन दाबलं तरी दिवाच नाय लागत."

अनिकेतने लॅपटॉप उघडला, मोबाइलचं नेट जोडलं. ऑफिसात एक जुना छोटा कॉम्प्युटर होता, त्याच्यावरही लिनक्सच होतं. त्याच्यापर्यंत तो पोचला. सर्व्हरच्या लिनक्सला चित्रं नसतात, सजावट नसते. काळा पडदा आणि त्यावर अक्षरं. ज्या रेंजमध्ये मुक्ताचा चेहरा थिजायचा त्याच रेंजमध्ये ती अक्षरं सावकाश, पण न चुकता येत होती. या दगडावर बसून आपण तळासरीत काम करतोय, याचं त्याला त्या घाईतही नवल वाटलं. पण मुख्य मशीन उत्तर देत नव्हतं. ते जळालं होतं. जळालेल्या मशीनशी बोलणार कसं?

चिमणभाई स्वतः फोनवर आले. "अनिकेत, रस्त्यावर गाड्या आहेत माझ्या. जयपूरवाला ओरडतो, माल कुठे आहे सांग म्हणतो. काय सांगू? तू ये भाई."

वापीहून नवं सामान कुणीही आणलं असतं. पण जपून ठेवलेल्या प्रतीवरून यंत्रणा पुन्हा उभी करणं एकट्या अनिकेतलाच येत होतं. त्याने फोन ठेवला. "सकाळची पहिली जीप मिळेल," श्रुतिका म्हणाली.

सकाळी जीप निघाली आणि शाळेच्या वळणावर थांबली. समोरून प्रभातफेरी येत होती. मुलं दोन रांगांत, हातात कागदी झेंडे, पुढे श्रुतिका. रांगेच्या शेवटी मुक्ता. तिने जीपमध्ये पप्पांना बघितलं आणि तिचा चेहरा फुलला. तिला वाटलं, पप्पा आपल्या शाळेतच यायला निघालेत. ती झेंडा हलवत ओरडली, "पप्पा, इकडे! शाळा इकडे आहे!"

रांग पुढे गेली. ड्रायव्हरने गिअर टाकला. झेंडे दिसेनासे होईपर्यंत अनिकेत हात हलवत राहिला.

मशीन दुरुस्त झालं. तोवर एका गाडीतला माल जयपूरच्या नाक्यावर नुसता उभा राहून खराब झाला होता. व्यापारी गाडीची वाट बघत दुसरीकडे थांबलेला आणि ड्रायव्हरला पत्ता सांगणारं कुणी नाही. चिमणभाई कपाळाला हात लावून बसले होते. अनिकेत त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"शेठ, हे मशीन इथे नको. क्लाउडवर नेऊ."

"क्लाउड म्हणजे ढगातच ना?"

"ढग कुठला! मुंबईत मोठाल्या इमारती आहेत, नुसत्या सर्व्हरनी भरलेल्या. लाइट गेली तर जनरेटर, एक मशीन गेलं तर दुसरं. तिथली थोडी जागा आपण भाड्याने घ्यायची. तिथेही लिनक्सच चालवायचं, त्यामुळे आपली यंत्रणा आहे तशी उचलून तिथे मांडता येईल. काही नव्याने बनवायला नको."

"अरे पण आता मशीन माझ्या डोळ्यासमोर आहे. रोज आल्यावर बघतो मी, दिवा लागलाय. मुंबईत काय आहे ते मी कसं बघू?"

"या दिव्याने जयपूरचा माल वाचला नाही, शेठ."

चिमणभाईंनी मान वळवून मशीनच्या दिव्याकडे बघितलं. हे जरा लागलंच, असं अनिकेतला वाटलं, पण त्याने शब्द मागे घेतला नाही. शेवटी ते म्हणाले, "करून दाखव. पण मला पटलं नाही तर मशीन इथेच."

अनिकेत कामाला लागला. भाड्याच्या सर्व्हरवर लिनक्स चढवलं, कुलपं-कड्या लावाव्यात तसं बाहेरच्यांसाठी दारं बंद केली, यंत्रणा नेली, माहिती नेली, रोज आपोआप दुसरी प्रत निघेल अशी सोय केली. दर पायरी सुनिताला बाजूला बसवून केली. हे सगळं तिला एकटीला करता यावं अशी त्याची खटपट होती. तिने एकदा विचारलं, "सर, तुम्ही जाणार का कुठे?" तो म्हणाला, "बघू." मनातलं त्याने अजून श्रुतिकालाही सांगितलं नव्हतं. तिला आशा लावायची आणि मग काही होऊ नये, हे बदलीच्या बाबतीत पुष्कळ झालं होतं.

सगळं तयार झालं त्या दिवशी त्याने चिमणभाईंना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. भिंतीवरच्या पडद्यावर नकाशा होता, त्यावर गाड्यांचे ठिपके सरकत होते.

"आता तुम्हीच प्लग काढा, शेठ."

"चालू मशीनचा?"

"हो."

चिमणभाईंनी देवाला करतात तसा मशीनला हात लावला, तोच हात छातीला लावला आणि प्लग खेचला. पंख्याची घरघर थांबली. दिवा विझला. केबिनमध्ये इतकी शांतता त्या ऑफिसने कधी ऐकली नव्हती. पडद्यावर एक ठिपका अच्छाडचा नाका ओलांडून गुजरातमध्ये शिरला. दुसरा चारोटीजवळ होता. तो चालतच राहिला.

चिमणभाईंनी जवळ जाऊन त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग वळून म्हणाले, "मग आता तुझं इथे काय काम राहिलं?"

ते सहज बोलून गेले होते. हेच बोलायचं अनिकेतने कितीदा मनात घोळवलं होतं, आणि आता सुरुवात सुचेना.

"इथे नाही राहिलं," तो म्हणाला. "शेठ, मला धडगावला जाऊ द्या. काम सोडत नाही मी. हेच काम तिथून करीन. तिथे टेकाडावरच्या दगडापाशी रेंज येते, तेवढ्यावर जमतं, मी करून बघितलंय. काही हाताने करायचं असलं तर सुनिता आहे." तो पडद्याकडे बघत म्हणाला, "माझी मुलगी मला फोनमधला माणूस समजते."

चिमणभाईंनी बंद मशीनवर साचलेली धूळ बोटाने पुसली. "म्हणजे मशीन पण गेलं, नि तू पण."

"मी फोनवर आहेच की."

"फोनवर आहे म्हणतो! आत्ताच काय सांगितलं तू, फोनमधल्या माणसाचं?" ते हसले, पण हसू टिकलं नाही. "जा. महिन्यातून एक फेरी मारायची. आणि मी कॉल केला तर त्या तुझ्या दगडावर पळत जायचं. बरोबर ने?"

त्या संध्याकाळी अनिकेतने श्रुतिकाला सांगितलं. पलीकडे नुसता वाऱ्याचा आवाज येत राहिला. त्याला वाटलं, कॉल तुटला. "ऐकतेयस ना?" त्याने विचारलं.

"ऐकतेय," ती म्हणाली. "तू परत एकदा सांग."

राहिले अण्णा. "तुम्हीही चला," म्हणून अनिकेतने परोपरीने सांगितलं. अण्णांनी ऐकलं नाही. "मी डोंगरात काय करू? इथे माझी सकाळची फेरी आहे, स्टेशनवरची चार माणसं आहेत. तुझी आई याच घरात होती. तू जा. पोरीपाशी जा." जाताना त्यांनी बोर्डीचे चिकू पिशवीत भरून दिले, थोडे कडक बघून, वाटेत पिकतील असे. गाडी हलल्यावर फलाटावर चार पावलं चालले, मग थांबले.

आता अनिकेत पाड्यावर राहतो. सकाळी मुक्ताला शाळेत सोडतो आणि लॅपटॉप घेऊन टेकाड चढतो. काळ्या पडद्यावर अक्षरं येतात, सर्व्हर ठीक असल्याचं कळतं. मुक्ताला त्याची आता इतकी सवय झाली आहे की ती त्याच्यावर रुसते, त्याचं ऐकत नाही, ताटातलं त्याच्या ताटात टाकते. श्रुतिका हे बघत राहते. बदलीचा अर्ज तिने याही वर्षी भरलाय.

आणि तरी रोज, दुपार कलली की अनिकेतचं मन लागेनासं होतं. त्या वेळी डहाणूत खारा वारा सुटतो. इथे डोंगरामागे डोंगर, आणि वाऱ्याला सुक्या गवताचा वास. तेव्हा तो अण्णांना फोन लावतो.

"जेवलात का?"

"कधीच. तुझं मशीन काय म्हणतंय?"

"चाललंय. बोर्डीहून गाडी निघालीय, माल भरून."

"तिथून दिसतं तुला सगळं?" अण्णांनी परवा विचारलं. "मग आपलं घरही दिसत असेल."

"नाही, अण्णा. नुसत्या गाड्या दिसतात."

अण्णांनी विचारलं, "आता कुठे आहे ती गाडी?"

अनिकेतने पडद्याकडे बघितलं. ठिपका डहाणूत शिरून आशागडच्या रस्त्याला लागला होता, त्यांच्या घरावरून जातो त्या रस्त्याला.

"दारात या," तो म्हणाला. "येईलच."

अण्णा फोन घेऊन बाहेर आल्याचं त्याला कळलं. फाटकाची कडी वाजली. मग लांबून जड गाडीची घरघर आली, वाढली, फोनमध्ये भरून राहिली आणि ओसरत गेली.

"गेली," अण्णा म्हणाले. "हिरव्या ताडपत्रीची होती."

"हो," अनिकेत म्हणाला. ताडपत्रीचा रंग त्याला कळायला काही मार्ग नव्हता. दोघांनीही फोन लगेच ठेवला नाही.