राग हे लक्षण नाही

“गोळी घेतली का आज?”

वसतिगृहाच्या रेक्टर रुपाली मॅडमनी हे स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं. चपात्या लाटणाऱ्या दोघी तिथंच होत्या. बजाबाईच्या हातात पाण्याचा तांब्या होता आणि पाण्यावर पिसाचा बारीक तुकडा तरंगत होता. तो दाखवायलाच तिनं मॅडमना बोलावलं होतं.

“गोळीचं काय काढलंय म्याडम? मी पाण्याचं बोलतीय. गच्चीवरल्या टाकीचं झाकण फुटलंय, आठ दिस झालं सांगतीय. पारवं बसत्यात तितं.”

“बघू आपण. तुम्ही आधी शांत व्हा.”

“मी शांतच हाय.”

“आवाज बघा किती चढलाय तुमचा,” मॅडम हसून म्हणाल्या आणि ऑफिसात गेल्या. लाटणाऱ्या दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

सोलापुरातल्या त्या मुलींच्या वसतिगृहात बजाबाई नऊ वर्षं स्वयंपाक करत होती. गोळीचं तिथं कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. मग मॅडमना कसं कळलं, हे कोडं डोक्यात घेऊनच तिनं ते पाणी ओतून दिलं आणि दुसरं उकळायला ठेवलं.

तीन वर्षांपूर्वी तिचं बोलणं बंद झालं होतं. घरात कुणी गेलं नव्हतं, भांडण नव्हतं. एक दिवस ती भिंतीकडं तोंड करून बसली ती उठेचना. आधी जेवण सुटलं, मग पाणी. औषधं लागू पडेनात. शेवटी डॉक्टर ऋतुराज यांनी तिच्या नवऱ्याला, कुंडलिकला, समोर बसवून सांगितलं की अशानं बाई हातची जाईल, विजेचे उपचार करू. कुंडलिकच्या डोळ्यांपुढं सिनेमातला खुर्चीला बांधलेला माणूस आला. तसं काही झालं नाही. तिला भूल दिली, दातांमध्ये रबर ठेवलं, कपाळाच्या बाजूला काही सेकंद वीज लावली. अंग औषधानं सैल केलेलं असल्यामुळं फक्त पायाची बोटं हलली. हे सगळं नर्सनं तिला नंतर सांगितलं. अशा आठ खेपा झाल्या. पाचव्या खेपेनंतर तिनं चहा मागितला, घोट घेऊन “साखर कमी हाय” म्हणाली, आणि कुंडलिक बाहेर जाऊन रडला.

शॉकनं ती परत आली, पण त्या वर्षातले तीन-चार महिने आठवणीतून गेले ते गेलेच. मुलगी अंकिता बारावी पास झाली तो दिवस तिला आठवत नाही. पेढे तिनंच वाटले होते म्हणतात. याचा राग तिला होताच. तरी पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा शॉक घेईन, हेही तिनं डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं. वसतिगृहात मात्र टायफॉईड झाला होता असं कळवलं होतं. झाकण फुटल्यापासून प्यायचं पाणी ती उकळून देत होती, पण तोंड धुताना, दात घासताना मुली नळाचंच पाणी तोंडात घ्यायच्या.

चार दिवसांनी नऊ मुलींना उलट्या सुरू झाल्या. पाच जणींना दवाखान्यात ठेवावं लागलं. नातेपुत्याच्या प्रियंकाला तर दोन दिवस सलाईन होतं.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी बजाबाईला ऑफिसात बोलावलं.

“पालक विचारतायत. स्वयंपाक तुमच्या हातचा आहे.”

“पाणी टाकीतलं हाय.”

“बजाबाई, तुम्हाला शॉक दिलेत. हे तुम्ही लपवलंत. अशा बाईच्या हातात साठ मुलींचं जेवण द्यायचं म्हणजे संस्थेला उत्तर मी काय देऊ? उद्यापासून येऊ नका.”

“कुणी सांगितलं तुमाला?”

“तुमच्या मिस्टरांनीच. टाकीवरून तुम्ही पहिल्यांदा आरडाओरडा केलात तेव्हाच मी फोन केला होता.”

शुक्रवार पेठेतल्या खोलीपर्यंत ती कशी आली हे तिला कळलं नाही. कुंडलिक नुकताच चादरीच्या कारखान्यातून येऊन जेवायला बसला होता. तिनं वाढलं नाही. समोर उभी राहिली.

“का सांगितलं?”

तो समजला. “त्या म्हणल्या, घरी काय ताण हाय का. मला वाटलं, सांगितलं तर सांभाळून घेत्याल.”

“पाण्यात पीस हुतं. तुमी मला इचारलं का, पीस हुतं का म्हणून?”

कुंडलिकनं रिकामं ताट बाजूला सारलं.

“तीन वर्सं झाली,” ती म्हणाली. “भाजीवाल्याशी भांडले की तुमी माझ्या डोळ्यात बघताय. अंकितावर वरडले की ती गोळ्यांची पाकिटं मोजती. मला राग यायचाच न्हाय का?”

“लई तापलीयास तू. डाक्टरकडं जाऊ.”

“जाऊ की. उद्याच जाऊ.”

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. झोप लागते का, जेवण जातं का, विचारलं.

“जेवण जातंय. झोप या आठवड्यात न्हाय. कशी लागंल?”

“माझीही उडाली असती,” डॉक्टर म्हणाले. “कामाला फिट आहात असं पत्र देतो.”

“फिट तर हायच मी. दुसरं लिवा. हिला राग येतो, अन् तो खरा हाय, असं लिवा.”

“असं पत्र आजवर कुणी मागितलं नाही, बजाबाई.”

“मागावं लागतंय, हेच वाईट हाय डाक्टरसाब.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग त्यांनी लिहिलं: ‘सदर महिलेचे विद्युत उपचार तीन वर्षांपूर्वी पूर्ण झाले असून त्या कामास पूर्णपणे योग्य आहेत. त्यांचा राग हे आजाराचे लक्षण नाही.’ खाली सही केली, शिक्का मारला. तिनं कुंडलिकला ते मोठ्यानं वाचायला लावलं. त्यानं वाचलं, शेवटच्या ओळीला त्याचा आवाज बारीक झाला.

शनिवारी संस्थेच्या सचिवांनी वसतिगृहातच भेटायला वेळ दिली. ती अर्धा तास आधी पोचली आणि कुणाला न विचारता गच्चीवर गेली. टाकीवर नवं कोरं काळं झाकण होतं. त्याच्यावरचा कंपनीचा कागदसुद्धा अजून कुणी काढला नव्हता. झाकण उचलून बघितलं तर टाकी आतून घासलेली दिसत होती. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

ऑफिसात मॅडमही बसल्या होत्या. सचिवांनी पत्र वाचलं, चष्मा काढला. “ठीक आहे. नऊ वर्षांची सेवा आहे तुमची. सोमवारपासून या. फक्त रोज सकाळी गोळी मॅडमसमोर घ्यायची. आमच्या समाधानासाठी.”

“झाकण कवा बदललं?”

मॅडमनी रजिस्टर उघडलं.

“मी इचारतीय, झाकण कवा बदललं? पोरी आजारी पडल्यावर का मला काढल्यावर?”

“बजाबाई, झालं गेलं,” सचिव म्हणाले. “आता उगाच तापू नका.”

“तापणार. गोळी मी माझ्या घरी घेते, माझ्या हातानं घेते. कुणाला दाखवून घेणार न्हाय. पाणी खराब हुतं अन् बजाबाईनं आदीच सांगितलं हुतं, हे तुमी त्या पोरींच्या आईबापांना सांगा. मग येते सोमवारी.”

सचिवांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि दुसरी फाईल पुढं ओढली. बजाबाईनं टेबलावरचं पत्र उचललं, घडी घातली, पदराच्या आत ठेवलं आणि बाहेर पडली.

फाटकापाशी कुंडलिक मोटारसायकल चालू ठेवून थांबला होता. तिच्या तोंडाकडं बघून त्याला कळलं.

“बस,” तो म्हणाला.

“चालत येते.”

ती पुढं निघाली. कुंडलिकनं चावी फिरवून गाडी बंद केली, खाली उतरला, आणि भर दुपारच्या गर्दीतून गाडी ढकलत तिच्या मागं मागं चालू लागला. तिनं मागं वळून बघितलं नाही. त्यानंही शांत हो म्हटलं नाही.