दिपमालाबाईंना बसायचं होतं

दिपमालाबाई बिऱ्हाडेंचा आवाज अर्ध्या धुळे जिल्ह्याच्या ओळखीचा होता, चेहरा मात्र फारसा कुणाच्या नव्हता. एसटीत ड्रायव्हर असलेला नवरा गेला आणि त्याच्या जागेवर त्यांना नोकरी मिळाली. पुढे निवृत्त होईपर्यंत त्या धुळ्याच्या बसस्थानकात कंट्रोल केबिनमध्ये बसल्या. शिरपूरची लागली, साक्रीची सुटली, चोपड्याच्या प्रवाशांनी फलाटावर यावं. समोर माणसांची झुंबड, कानाशी हॉर्न, खिडकीत सतत कुणाचं तरी तोंड: "बाई, आमची गाडी कधी?" घरी आलं की नणंदा, दीर, त्यांची पोरं. रडायचं झालं तरी मोरीचा नळ सोडून रडावं लागायचं, असं ते घर.

त्यामुळे मुलगा राजदीप म्हणाला, "आई, आता जळगावला चल. पिंप्राळ्याच्या पुढे रो-हाउस घेतलंय. शेवटची लाइन आहे, मागे नुसती शेतं," तेव्हा बाकी काही न विचारता दिपमालाबाईंनी बॅग भरली. 'नुसती शेतं' एवढे दोनच शब्द त्यांनी ऐकले होते.

त्या पोचेपर्यंत शेतं संपली होती. मागच्या कपाशीच्या रानात पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारून प्लॉट पाडले होते. पहाटे घंटागाडीचं गाणं, मग फरशी कापायचं मशीन, दुपारी बोअरची गाडी, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मंगल कार्यालयात डीजे. जळगाव त्या बाजूला असं फुगत होतं, की महिनाभर गावाला जाऊन आलेला माणूस आपल्याच गल्लीत चुकावा. राजदीप बँकेत जायचा, सून वृषाली शाळेत शिकवायची. दोघंही चांगली होती. पण घरात टीव्ही, टीव्ही बंद तर मोबाइल, मोबाइल बंद तर शेजारच्या मोहिनीताई.

एका दुपारी दिपमालाबाई कॉलनीच्या मागच्या भिंतीला वळसा घालून चालत सुटल्या. प्लॉट संपले तिथे एक नाला होता. त्याला घोटाभर पाणी होतं, पण वाहतं. काठावर दोन पळस, एक वाकडा करंज आणि बाभळींची गर्दी. त्या करंजाच्या मुळीवर बसल्या. सातभाई पाखरांचा एक घोळका आला, पाचोळा उलटापालटा करत भांडला आणि निघून गेला. एक खंड्या पाण्याकडे टक लावून होता. त्याला दिपमालाबाईंशी काही देणंघेणं नव्हतं. बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं, की इतका वेळ आपल्याला कुणी काही विचारलेलं नाही. अख्ख्या जन्मात असं झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या. मग रोजच.

काही दिवसांनी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा पाठमोरा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'सदर आजी रोज नाल्याकाठी एकट्या बसलेल्या आढळतात. कोणाच्या आहेत? काळजी घ्यावी.'

राजदीप संध्याकाळी बूट न काढताच आत आला. "आई, लोक विचारतायत, घरात काही वाद आहे का!"

"सांग, वाद नाही. आईला बसायचं असतं."

"बसायला घर आहे ना? मोहिनीताईंचा हास्यक्लब आहे, तिथे जा. चार बायकांत मन रमेल."

"माझं मन रमलेलं आहे, राजू. तू कशाला घाबरतोस?"

"एकट्या बाईचं काही झालं तर?"

"बसस्थानकात हजार माणसांत माझी दोनदा पर्स मारली. नाल्यावर खंड्याने अजून काही नेलेलं नाही."

वृषाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला हसू आलं ते तिने पदराआड नेलं. राजदीपला हसू आलं नाही.

फाल्गुनात पळस पेटले, आणि त्याच आठवड्यात कॉलनीच्या मोकळ्या जागेत मंडप टाकून सभा झाली. अध्यक्ष योगराजभाऊ जमिनीचे व्यवहार करत. गोड बोलणारा माणूस. त्यांनी माइक हातात घेतला आणि सांगितलं, की नाल्यात सिमेंटचे पाइप टाकून वर भराव करायचा. त्यावर लॉन, पेव्हर ब्लॉक, बसायला छत्र्या आणि खांबाखांबावर स्पीकर. सकाळी भक्तिगीतं, संध्याकाळी मंद संगीत. "आपल्या ज्येष्ठांना निसर्गाचा आनंद मिळावा," ते म्हणाले, "म्हणून."

टाळ्या पडल्या. दिपमालाबाई मागच्या खुर्चीवरून उठल्या. माइक त्यांनी मागितला नाही. त्यांना त्याची गरजही नव्हती.

"मी ज्येष्ठ आहे," त्या म्हणाल्या, आणि मंडपाबाहेर भेळ खाणारी मंडळीसुद्धा वळून बघू लागली. "मला आनंद मिळतोय. आजच मिळतोय. पाणी तिथे आहे, झाडं आहेत, पाखरं आहेत. तुम्ही ते बुजवून त्यावर त्याचं चित्र काढणार. स्पीकर कशाला? मी आयुष्यभर स्पीकरमधून बोलले आहे. त्याखाली बसणाऱ्या माणसाला काय होतं ते माझ्याइतकं इथे कुणाला माहीत नाही. नाला तसाच राहू द्या. काही करू नका. एवढंच मागते, काही करू नका."

योगराजभाऊंनी हात जोडले. "मावशींच्या भावनांचा आदर आहे. पण डास, साप, गर्दुल्ले... आणि उद्या प्लॉटचे भाव? हात वर करा बघू."

हातांचं रान उभं राहिलं. विरोधात कोण, असं विचारल्यावर दिपमालाबाईंचा एकच हात वर गेला. राजदीप मोबाइलकडे बघत होता. त्याने कुठल्याच बाजूने हात उचलला नाही. वृषालीने मांडीवरचा हात उचलला आणि शेजारच्या मोहिनीताईंनी वळून बघताच केस सारखे केल्यासारखं केलं.

जेसीबी आला तेव्हा पळसाला फुलं होती. दिपमालाबाई तिथे जाऊन उभ्या राहिल्या. ऑपरेटर म्हणाला, "मावशी, बाजूला व्हा." त्या बाजूला झाल्या. पण गेल्या नाहीत. झाडं पडेपर्यंत, करंजाची मुळी उखडून तिची ओली पिवळी साल वर येईपर्यंत त्यांनी सगळं बघितलं. कुणीतरी मागून म्हणालं, "बघवतं कसं यांना?" त्या म्हणाल्या, "कुणीतरी बघायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याची बाटली घेतली, पायात कॅनव्हासचे बूट घातले आणि पश्चिमेला चालायला लागल्या. पहिल्या दिवशी रस्त्याने धूळ खाल्ली. दुसऱ्या दिवशी कुत्री मागे लागली. मग एकदा गिरणा नदीकडे उतरणारी गाडवाट सापडली. दोन्हीकडे निवडुंगाचं कुंपण, खाली केळीचा एक मळा, मळ्याच्या टोकाला पाण्याच्या मोटारीसाठी बांधलेली मातीची खोली, आणि त्यापुढे नदीचं रुंद वाळवंट. पलीकडे पाण्याची एक पट्टी चकाकत होती. टिटवीशिवाय आवाज नव्हता.

मळ्याचे मालक झुलाल आबा बांधावर बिडी ओढत बसले होते. त्यांनी विचारलं, "कोनाकडे जानं शे, बहीन?"

दिपमालाबाईंच्या तोंडी धुळ्याची अहिराणी आपोआप आली. "कोनाकडेच नही, आबा. बठ्ठासपासून दूर जानं शे."

सगळ्यांपासून दूर जायचंय, हे ऐकून आबा खो खो हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, की बाई गंमत करत नाही.

महिनाभर त्या तिथे येऊन बसत राहिल्या. आबांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. शेवटी दिपमालाबाईंनीच खोलीचं विचारलं. ती खोली रिकामीच होती. मोटार आता मोबाइलवरून चालू व्हायची, त्यामुळे तिथे कुणी झोपत नव्हतं. पलीकडच्या मळ्यात सालावर राबणाऱ्या एका सालदाराचं कुटुंब होतं, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर.

"आठे ऱ्हाशी? एकली?" आबांनी बिडी विझवली.

"एकली. आणि आधीच सांगते आबा, मी बिऱ्हाडे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लागेल. गावात कुणी बोललं तर मागाहून मला सांगू नका."

झुलाल आबांनी खोलीकडे बघितलं. "लाव ना. पन भित मातीनी शे, खिळा जपीसन ठोक."

घरी मात्र एवढ्यावर भागलं नाही. राजदीपने आधी समजावलं, मग तो ओरडला, मग डोळ्यांत पाणी आणलं. "लोक म्हणतील, मुलाने आईला बाहेर काढलं!"

"म्हणू दे. मी स्वतः निघाले हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे."

"पण का, आई? आमचं काय चुकलं?"

"तुमचं काही चुकलं नाही. आवडतं म्हणून माणूस जातो, राजू. प्रत्येक वेळी कुणीतरी हाकललेलंच असतं असं नाही."

रिक्षात गादी, स्टोव्ह, दोन पातेली, बुद्धाची छोटी मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो एवढं मावलं. मोहिनीताई गेटवर उभं राहून डोळे पुसत होत्या. दिपमालाबाईंनी त्यांना हात केला, गाडी सुटताना करतात तसा.

पंधरा दिवसांत धुळ्याहून संघपाल आला. त्यांचा धाकटा भाऊ. राजदीपनेच बोलावलं होतं. संघपाल पडवीत मांडी घालून बसला, चहा प्यायला, आजूबाजूला बघून म्हणाला, "अक्का, जागा झकास आहे. पण तू आता चल."

"कुठे?"

"घरी. समाजात नाव आहे आपलं. तुझं वय काय, हे रान काय! बाई माणूस एकटं राहतं ते कुणी नसलं म्हणून. तुला तर सगळे आहेत."

"म्हणूनच तर," दिपमालाबाई म्हणाल्या. "तुला आठवतं का, संघपाल, लग्नाआधी आपण पाच भावंडं एका खोलीत झोपायचो. लग्नानंतर सासरचा गोतावळा. मग स्टँड. मला कुणाचा कंटाळा नाही रे. पण मी एकटी असले की कशी असते, हे मला साठी आली तरी माहीत नव्हतं. आता कुठे ओळख होतेय. तू मला तिच्यापासून उठवायला आलास."

संघपालने रिकामा कप खाली ठेवला. "तुला कळतंय का, हे मी गावात जाऊन कसं सांगू?"

"सांगू नको. त्यांना इथे पाठव, मी सांगते."

तो संध्याकाळच्या गाडीने एकटाच परत गेला.

श्रावणात नदीच्या काठी चिखल होता. सकाळी पाण्यावर बगळे उतरलेले बघायला दिपमालाबाई खाली गेल्या आणि घसरल्या. डावा हात अंगाखाली सापडला. कळ डोक्यात गेली. त्यांनी हाक मारली. सालदाराची बायको धावत आली, झुलाल आबांनी राजदीपला फोन केला. राजदीप गाडी घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. दवाखान्यात मनगटाला प्लास्टर बसलं. परतीच्या वाटेवर त्याला राहवलं नाही.

"हेच म्हणत होतो ना मी? हेच. आता पुरे."

गाडी पिंप्राळ्याच्या चौकात आली. घर सरळ होतं, गिरणेचा रस्ता डावीकडे.

"डावीकडे घे," दिपमालाबाई म्हणाल्या.

"आई, एका हाताने काय करणार आहेस?"

"डावा मोडलाय. स्वयंपाक उजव्याने होतो. डावीकडे घे."

राजदीपने गाडी बाजूला घेऊन थांबवली. मागून हॉर्न वाजायला लागले. "आणि मी नाही वळलो तर?"

"तर मी उतरून चालत जाईन. पाय शाबूत आहेत." त्यांनी दाराच्या हँडलला हात घातला. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "राजू, घरातल्या मोरीत पडले असते तर मला स्टँडवर नेऊन ठेवलं असतंस का? माणूस कुठेही पडतं. पडून उठल्यावर कुठे जायचं, ते तरी माझं मला ठरवू दे."

राजदीप स्टिअरिंगवर कपाळ टेकवून बसला. मागचा रिक्षावाला शिव्या देत पुढे निघून गेला. मग राजदीपने डावा इंडिकेटर लावला.

त्या दिवशी त्याने खोलीत पाणी भरून दिलं, पडवीपासून नदीच्या उतारापर्यंत दोर बांधला आणि सालदाराच्या बायकोचा नंबर आपल्या फोनमध्ये घेतला. जाताना म्हणाला, "फोन चार्ज ठेवत जा. एवढं तरी."

"एवढं ठेवीन," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ते पाळलं.

आता तिकडेही खुंट्या दिसायला लागल्यात. झुलाल आबांच्या मळ्यापासून तिसऱ्या शेतात फक्की पडली आहे, बोर्ड लागला आहे, 'रिव्हर व्ह्यू'. एकदा योगराजभाऊंचीच गाडी बांधापर्यंत आली होती. आबांनी विकायला नाही म्हटलं, पण आबांच्या मागे काय होईल ते आबांनाही सांगता येत नाही. दिपमालाबाईंना हे सगळं दिसतं. कुणी विचारलं, इथेही शहर आलं तर काय कराल, तर त्या म्हणतात, "येईल तेव्हा भांडेन. हरले तर पुढे जाईन. नदी काय आबांच्या मळ्यापाशी संपत नाही."

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी दुपारी निवडुंगाच्या वाटेने स्कूटर आली. वृषाली होती. शाळेतून थेट आलेली, खांद्याला पर्स, हाताला खडू लागलेला. ती एकटीच होती. दिपमालाबाईंनी घाबरून विचारलं, "काय झालं? राजू बरा आहे ना?"

"बरा आहे. सगळे बरे आहेत." वृषालीने पडवीला टेकून नदीकडे बघितलं. "त्यांना सांगितलं नाही मी इकडे येतेय म्हणून. आई, मी थोडा वेळ बसू का?"

"बस की."

वृषाली त्यांच्या शेजारी चटईवर टेकायला लागली तशी दिपमालाबाईंनी तिला थांबवलं.

"इथे नको. ही माझी जागा आहे. तू त्या उंबराखाली जा, तिथून वळणावरचं पाणी दिसतं. आणि मी चहाला हाक मारणार नाही हं. तुला उठावंसं वाटेल तेव्हा उठ."

वृषालीला वाटलं त्या रागावल्या. तिने त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि मग तिला कळलं. पदराआड वगैरे काही न जाता ती मोकळी हसली, चपला हातात घेऊन केळीच्या कडेने उंबराकडे चालत गेली, आणि दिवस कलेपर्यंत दोघी आपापल्या ठिकाणी बसून राहिल्या.