चार फाटकांची पिशवी

मी पिशवी बोलतेय. जाड खाकी कापडाची, दोन बंदांची, पुलगावची. माझ्या अंगावर कुठल्या दुकानाचं नाव नाही. प्रमिलाबाई शाळेतून निवृत्त झाल्या त्या उन्हाळ्यात त्यांनी मला घरच्या मशिनीवर शिवलं आणि सुनेला बजावलं, "सपना, हिच्यात भाजी आणायची नाई. ही पुस्तकांची."

पुस्तकं होती शनिवार वाचन मंडळाची. मंडळ म्हणजे माणसं चारच. प्रमिलाबाई, गिरणीत टाइमकीपर होते ते मधुकरराव, रेल्वेतून निवृत्त झालेले प्रभाकरराव आणि किराणा दुकानाच्या सुलोचनाबाई. दर शनिवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत ते जमत. प्रभाकरराव मोठ्यानं वाचत, मधुकरराव मध्येच वाद घालत. सुलोचनाबाई नुसत्या ऐकत. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. पुड्यावरची नावं वाचता येत, पण पुस्तक कधी वाचलं नव्हतं. पंखा बंद करून सगळे उठायला लागले की त्या विचारत, "मंग त्या पोरीचं काय झालं?" आणि सगळे पुन्हा बसत.

मग कोरोनाचा तो मार्च महिना आला. वाचनालयाला कुलूप लागणार, अशी बातमी फुटली. ग्रंथपालांनी मधुकररावांना सांगितलं, "न्या काय न्यायचं ते." त्यांनी घाईघाईनं नऊ पुस्तकं माझ्यात कोंबली. माझा एक बंद उसवला. तो प्रमिलाबाईंनी त्याच संध्याकाळी शिवला.

मंडळ बंद पडू द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि नियम केले. एका वेळी एक पुस्तक. ज्याचं वाचून झालं त्यानं मला पुढच्या घराच्या फाटकावर अडकवायचं आणि मागं न बघता जायचं. पुस्तक तीन दिवस उन्हात ठेवायचं. कुणी कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही. आत एक चिठ्ठी, काय वाटलं ते लिहून. शनिवारी फोन.

तेव्हा मी माणसांची गंमत पाहिली. जी माणसं एका ताटलीतून चिवडा खात, ती मला दोन बोटांनी उचलत. मधुकरराव तर काठीनं. उन्हात माझा रंग उडाला, सॅनिटायझरनं डाग पडले. पण मी हिंडत होते. गाव ओस पडलेलं असताना चार फाटकं मला ओळखत होती.

खरी पंचाईत सुलोचनाबाईंची झाली. आता वाचून दाखवणारं कुणी नव्हतं. मुलगा अनुप दुकानात, सून घरकामात. त्या स्वतःच वाचायला बसल्या. बोट ठेवून, ओठ हलवत. पहिल्या पुस्तकाला दीड महिना लागला. त्यांची चिठ्ठी माझ्या अजून लक्षात आहे. 'पंधरा पानं झाले. डोकं दुखून राह्यलं. पन सोडत नाई.' बाकीचे थांबून राहिले. सुरुवातीला मधुकरराव फोनवर कुरकुरले, नंतर तेच म्हणाले, "राहू द्या बाईले. घाई काय हाय आपल्याले?"

वर्ष सरलं. प्रभाकरराव जानेवारीत महिनाभरासाठी म्हणून मुलाकडे पुण्याला गेले, ते तिकडंच राहिले. फाटकं तीन राहिली.

एप्रिलमध्ये पुन्हा सगळं पेटलं. यावेळी रोज कुणी ना कुणी जात होतं. तेव्हा सुलोचनाबाईंकडे एक जाड कादंबरी होती, नदीवर नाव चालवणाऱ्या एका बाईची. शेवटची चाळीस पानं राहिली होती. एक दिवस मी पुस्तकासकट प्रमिलाबाईंच्या फाटकावर परत आले. आत चिठ्ठी. 'मले नाई जमत आता. शब्द कठीन हायेत. तुमीच सांगा तिचं काय झालं.'

प्रमिलाबाईंनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग त्यांनी मला खांद्याला लावलं आणि निघाल्या.

सुलोचनाबाई मागच्या अंगणात एकट्याच होत्या. "बाई, तुमी? काऊन आल्या?"

"चाळीस पानांसाठी सोडता का तुमी? बसा. मी वाचते."

दोघी कडुनिंबाखाली दोन खुर्च्यांवर बसल्या. प्रमिलाबाईंनी वाचायला सुरुवात केली. सुलोचनाबाईंना एका कानानं कमी ऐकू येई. "काहीच समजून नाई राह्यलं बाई. ते तोंडावरचं काढा नं जरासं."

प्रमिलाबाईंनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि मास्क हनुवटीखाली ओढला. खुर्ची जवळ घेतली.

दोन तास त्या वाचत होत्या. नाव चालवणारी ती बाई सावकाराच्या पोराला भर नदीत उतरवते, तिथं सुलोचनाबाई इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावला. अंधारून आलं तेव्हा बारा पानं उरली होती. "बाकीचे मी वाचतो," सुलोचनाबाई म्हणाल्या. "आता तिचा आवाज मले लागला."

दुसऱ्या दिवशी प्रमिलाबाईंना ताप आला. तपासणी झाली. त्यांना सौम्य होता, आठ दिवसांत उतरला. सुलोचनाबाईंनाही लागण झाली, त्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. अकराव्या दिवशी त्या गेल्या. घरच्यांना तोंडही बघायला मिळालं नाही.

अनुपनं आईचं अंथरूण जाळलं. त्यात कादंबरीही गेली. मला मात्र तो हातात घेऊन प्रमिलाबाईंच्या फाटकाशी आला.

"काकू, तुमच्या या पिशवीनं माझ्या आईले नेलं." त्याचा आवाज फाटला होता. "कायले पाह्यजे होतं तिले वाचन? चांगली दुकानात बसत होती."

त्यानं मला आत भिरकावलं. प्रमिलाबाई व्हरांड्यात उभ्या होत्या. त्या संध्याकाळी कडुनिंबाखाली आईजवळ कोण बसलं होतं, हे अनुपला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते त्यांना, आणि मला.

पुढं वाचनालय उघडलं. मधुकरराव उरलेली पुस्तकं घेऊन गेले, शनिवारी मागच्या खोलीत जाऊन बसले. तीन शनिवार एकटेच. चौथ्या शनिवारी प्रमिलाबाईंच्या दारात आले. "चाला नं बाई. दोघं तर दोघं."

"मधुकरराव, मले वाचता येत नाई आता," त्या म्हणाल्या. "अक्षरावर नजर ठेवली का सुलोचनाबाईचे ओठ दिसतात." ते पुन्हा आले नाहीत. त्या खोलीत आता जुन्या खुर्च्या रचून ठेवल्या आहेत.

मी स्वयंपाकघराच्या दारामागं खिळ्याला लटकत राहिले. मागच्या आठवड्यात अनुप आला. सोबत त्याची मुलगी गुंजन, आठ वर्षांची.

"काकू, त्या दिवशी मी रागात बोललो. पिशवीनं कुठं बिमारी येते? माफ करा मले." त्यानं वाकून पायांना हात लावला. "हिले मराठी वाचायले शिकवा. आई तुमचं लई नाव घेत होती."

प्रमिलाबाईंचे ओठ हलले. मला वाटलं, आता सांगतील. सपना चहा घेऊन आली, तेवढ्यात तो क्षण गेला.

"माझे डोळे गेले रे बाबा," त्या म्हणाल्या. "दुसरीकडं पाहा."

अनुपनं खरं मानलं. जाताना त्यानं मुलीला हलक्या आवाजात सांगितलं, "आजीले दिसत नाई."

फाटक लागल्यावर प्रमिलाबाईंनी मला खिळ्यावरून काढलं आणि सपनाच्या हातात दिलं. "ही काप अन् पोछा करून टाक." सपनानं मला धुऊन दोरीवर टाकलंय. कात्री खिडकीत आहे.

वाचकांनो, मला वाचवा असं मी म्हणत नाही. माझं कापड विरलंय. पण तुमच्यापैकी कुणी पुलगावला गेलं, तर प्रमिलाबाईंना एवढं सांगा, की त्या संध्याकाळी त्या घरी परतल्यावर सुलोचनाबाई दिवा लावून पुन्हा अंगणात बसल्या होत्या. उरलेली बारा पानं त्यांनी बोट न ठेवता वाचली. सगळी. मी त्यांच्या मांडीवर होते. हे तिसऱ्या कुणाला माहीत नाही, आणि प्रमिलाबाईंना मला सांगता येत नाही.