कोरड्या काड्या

काडेपेटी हलवली की आत काड्या वाजतात, म्हणजे कोरड्या आहेत — क्वीनीने ती तिसऱ्यांदा हलवून पाहिली आणि हीटरच्या बरोबर वर, नवऱ्याला, अल्बर्टला, दिसेल अशी ठेवली. हीटरच्या पोटातली बोटभर ज्योत सकाळी वाऱ्याने विझली होती. आता दुपारचे तीन. शब्बाथ, ज्यूंचा शनिवारचा विसावा, संपायला आकाशात तीन तारे दिसावे लागतात, आणि बाहेर, कॅनडातल्या सुपीरियर सरोवराच्या या उजाड काठावर, बर्फाच्या माऱ्यात आकाशच शिल्लक नव्हतं...

काल सूर्यास्ताआधी मोटारहोम रस्त्याच्या कडेला लावली ती अल्बर्टनेच. अजून दीड तास चालवली असती तर गाव लागलं असतं. पण नाही — शब्बाथ लागला की चावीला हात नाही, आगीला हात नाही. त्याच्या हार्ट अटॅकनंतर डॉक्टर म्हणाले, फावड्याने बर्फ उपसायचा नाही. म्हणून टोरांटोचं घर विकून पार पश्चिम किनाऱ्यावर, कोक्विटलामला मुलाकडे, राल्फकडे निघाला — भर फेब्रुवारीत, घर चाकांवर घेऊन! डॉक्टरांचं ऐकायचं, पण निम्मंच. त्याची ही वाटणी तिला एकतीस वर्षं पाठ होती: पुण्य त्याच्या नावावर, आणि करायचं नाही पण झालं तर बरं, ते सगळं तिच्या.

रेवदंड्याला सोपं होतं. शेजारच्या जयंतीबाईंना शब्बाथ नव्हता; त्यांना सांगायचं नाही, नुसतं ओटीवरून म्हणायचं, "आज गारठा फारच, नाही?" — की त्या निमूट आत येऊन चूल पेटवून जात. सांगितलं तर पाप. सुचवलं तर नाही.

अकराच्या सुमारास बर्फ लोटणारी गाडी थांबली होती. ड्रायव्हरने दार ठोठावलं.

"यू फोक्स ओके?"

"इट इज व्हेरी कोल्ड टुडे," अल्बर्ट हीटरकडे बघत, एकेक शब्द ठेवत म्हणाला.

"दॅट्स फेब्रुवारी फॉर या!" तो मनापासून हसला, आणि गेला.

तिलाही हसू फुटलं होतं. तेव्हाच आपण तोंड उघडायला हवं होतं — बाबा रे, तेवढा हीटर पेटव, माझ्या नवऱ्याला अटॅक येऊन गेलाय... शब्द ओठांवर आलेही. पण अल्बर्टने असं पाहिलं, की गिळले.

जीव धोक्यात असेल तर काडी ओढायला धर्माची ना नाही, हे त्यानेच तिला सांगितलेलं. म्हणूनच तर हात जात नव्हता. काडी ओढली, की जीव धोक्यात आहे हे दोघांनीही कबूल केलं...

"अहो, हात द्या बघू."

"गरम आहेत." तीन गोधड्यांखालून हात काही बाहेर आला नाही. ओठांची कड जांभळट. "तारे दिसतील."

"या बर्फात? मेल्यावर दिसतील."

एरवी तो यावर हमखास काहीतरी खवचट बोलला असता. आज त्याने नुसती गोधडी हनुवटीपर्यंत ओढली.

काचेवर आतून बर्फ धरत होता. छताकडे बघत तो म्हणाला, "क्वीनी... आज गारठा फारच, नाही?"

तोच स्वर. ओटीवरचा. म्हणजे आता जयंतीबाई ती — आणि म्हणजे तो घाबरलाय.

दिवसभर तिला वाटत होतं, याने एकदा तरी हरावं. आता पेटी हातात होती, आणि तिला हवा होता तो मघाचा, "गरम आहेत" म्हणणारा हट्टी माणूस... काड्या वाजत होत्या. ती तर पेटी हलवत नव्हती.