कंसाबाहेरची आई

मी कंस बोलतोय. घाबरू नका, मथुरेतला नव्हे. धामणगाव बढे इथल्या छापखान्यातला, शिशाचा, महिरपी. लग्नपत्रिकेत यजमानांची नावं एकाखाली एक लावायची, शेजारी मला उभं करायचं आणि पुढे 'आपले नम्र' छापायचं, हा इथला रिवाज. माझ्या पोटात आला तो घरचा, असं लोक समजत.

एकदा उत्तमराव पुतणीची पत्रिका छापायला आले. सोबत मुलगा निवृत्ती, विलायतेत संगणक शिकून नुकताच परतलेला. मुलीची आई झुंबरबाई, उत्तमरावांची विधवा भावजय, दाराशीच थांबली.

"निवृत्ती, माह्या पोरीच्या पत्रिकेत माहं नाव टाकजो बाप्पा."

"टाकतो न, काकू! नाही कसं?"

आत आला आणि त्याची नजर माझ्यावर पडली.

"बाबा, हा कंस काढा. तिकडं संगणकाला आज्ञा लिहितानाही हाच वाद आहे. काही म्हणतात, आज्ञांचा गट कंसात कोंडा. मी म्हणतो, गटाच्या ओळी सारख्या आत सरकवा. नुसत्या समासावरून सगळं कळतं."

"यंत्राले कयत असंन. सोयऱ्याईले कोन सांगीन? तुहा काका जानराव म्हनीन, माहं नाव काऊन मांगं ढकललं बे?"

"सगळ्यांचीच सरकतील, बाबा!"

"मंग जाग्यावर कोन राह्यलं?"

दुपार कलली. बाप मला उभा करी, लेक मला उचलून ठेवी. समता, मोकळीक, नवा जमाना, असं निवृत्ती बरंच काही बोलला. सगळं एका बोटभर कोऱ्या जागेसाठी. शेवटी तोड निघाली. नावं आत सरकली आणि मीही राहिलो. आपणच जिंकलो अशा समजुतीत दोघांनी चहा मागवला.

पत्रिका छापून झाल्या. झुंबरबाईनं एक ओली पत्रिका तळहातांवर धरली.

"वाचून दाखव."

"उत्तमराव, जानराव, निवृत्ती..." तो अडखळला.

"अन् मी?"

"वादावादीत राह्यलंच, काकू. पुढच्या टायमाले नक्की."

"मले एकच पोरगी हाये, निवृत्ती."

"आता कंस भरला," उत्तमराव म्हणाले.

साफ खोटं. मध्ये पट्टी घातली की मी हवा तेवढा लांबतो. पण मला विचारतो कोण? झुंबरबाईनं पत्रिकांचा गठ्ठा डोक्यावर घेतला. गावात त्या वाटायच्या तिलाच होत्या.

आता मी मोडीत निघालोय. उद्या भट्टीत वितळेन. कंस हवा की समास, यावर तुम्ही जन्मभर भांडा, माझी ना नाही. फक्त आधी नावं पुरती लिहून घ्या.